चौथा कोपरा

हेबर आणि सुल्मा यांचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये एकाच विटेची भिंत आहे, त्यामुळे त्यांच्याकडे किटली केव्हा गुणगुणायला लागते, सुल्मा शिवणयंत्राला तेल केव्हा घालते आणि हेबर कुठल्या कीबोर्डाशी झटापट करतोय हे सगळं मला माझ्या ओट्याशी उभ्याउभ्या कळतं. त्यावरून कुणी मला चौकस म्हटलं तर मी मनाला लावून घेत नाही. भिंत काही मी बांधलेली नाही. मोंतेव्हिदेओतल्या या जुन्या वस्तीत एका लांब बोळात आम्ही सहा बिऱ्हाडं राहतो, बोळाच्या शेवटी कपडे वाळत घालायचा सामाईक चौक आहे, आणि इथे ज्याला कान नाहीत त्याला शेजारही नाही असंच समजायचं.

माझा नवरा दार्दो गेल्यापासून रविवारची दुपार मी हेबर-सुल्माकडेच काढत आले आहे. जेवणं उरकली की सुल्मा भिंतीवर टिचकी मारायची, मी शाल घेऊन जायची, आणि रॉकेलच्या शेगडीजवळच्या, बसका वेत असलेल्या खुर्चीत बसायची. ती खुर्ची माझीच होती, म्हणजे त्यांचीच, पण माझी. मग हेबर येर्बाचा भोपळा भरायचा. आमच्याकडे हा कडू पाला वाळवून कोरलेल्या एकाच छोट्या भोपळ्यात, एकाच धातूच्या नळीने सगळे पितात; एकजण गरम पाणी ओततो आणि भोपळा पाळीपाळीने फिरतो. पहिला हेबरचा, मग सुल्माचा, मग माझा. बाहेर समुद्राकडून बोचरा वारा सुटलेला असायचा, शेगडीच्या वासाने डोकं थोडं जड व्हायचं, आणि माझ्या हातात भोपळा आला की मला वाटायचं, चला, अजून आपण कुणाच्या तरी मोजणीत आहोत. हे मी सुल्माला कधी बोलले नाही. ती हसली असती.

हेबर पूर्वी कचेऱ्यांमधली हिशेबाची यंत्रं दुरुस्त करायचा. निवृत्त झाल्यावर त्याला जुन्या कीबोर्डांचा नाद लागला. आताचे पातळ, मुके कीबोर्ड नव्हेत. चाळीस वर्षांपूर्वीचे, दगडासारखे जड, प्रत्येक बटणाखाली स्वतःची स्प्रिंग असलेले. रविवारी सकाळी तो त्रिस्तान नार्वाहाच्या बाजारात जायचा आणि दारांच्या मुठी, चष्मे, कवळ्या असल्या पसाऱ्यातून एखादा उचलून आणायचा. मग बटणांवरची टोपणं एकेक उपटून साबणाच्या पाण्यात भिजवायची, तारा तपासायच्या, आणि ब्वेनोस आयरेसमधल्या कुणा शौकिनाला पाठवून द्यायचा. बसून बसून मलाही थोडं कळायला लागलं होतं. कुठलंही टोपण कुठेही बसत नाही. खालची दांडी कुणाची अधिकच्या चिन्हासारखी, कुणाची चौकोनी. शिवाय प्रत्येक ओळीचा उतार वेगळा, त्यामुळे वरच्या ओळीचं टोपण खाली बसलं तरी बोटाला ते परकं लागतं.

त्या हिवाळ्यात त्याने तो करड्या रंगाचा कीबोर्ड आणला तेव्हा मी तिथेच होते. कुणाच्या तरी रिकाम्या केलेल्या घरातला होता म्हणे. त्याने तो टेबलावर ठेवला, फडक्याने पुसला, आणि बसला. टोपणं काढली नाहीत. पाणी तापत ठेवलं नाही.

"भिजवणार नाहीस?" मी विचारलं.

"हा नाही," तो म्हणाला. "हे बघा, शेजारीणबाई."

तो मला शेजारीणबाईच म्हणतो, वीस वर्षं झाली तरी. त्याने कीबोर्ड खिडकीच्या उजेडात तिरका धरला. टोपणांचा मूळचा खरखरीतपणा काही ठिकाणी झिजून तिथे तेलकट चमक आली होती. शब्दांमध्ये मोकळी जागा सोडणारी जी खालची लांब पट्टी असते, तिच्यावर ही चमक डाव्या बाजूला होती, बदामाएवढी.

"लोक उजवा अंगठा वापरतात. ही डावा वापरायची," हेबर म्हणाला.

"ही?" शिवणयंत्रावरून सुल्माने मान वर केली नाही, पण यंत्र थांबलं. "बाईच कशावरून?"

"नखं. इथे बघ, टोपणांच्या वरच्या कडेला बारीक चरे आहेत. लांब नखं ठेवायची. हात लहान असणार, कडेच्या बटणांना ती वाकडी होऊन पोचायची. आणि वेगवान. फार वेगवान."

"दिसायला कशी होती तेही सांग. टोपणांवर लिहिलं असेल."

"जाऊ दे, बाई."

"नाही, सांग ना. आणि माझा कुठला अंगठा सुईने टोचून टोचून राठ झालाय तेही सांग."

हेबरने विचार केला. खरंच विचार केला, तेच वाईट झालं. "उजवा," तो म्हणाला.

सुल्माने दोन्ही हात एप्रनच्या खिशात घातले आणि पाणी बघायला आत गेली. जाताना माझ्याकडे बघून म्हणाली, "पस्तीस वर्षं संसार केला, निबिया." मी शालीची दशी सारखी करत बसले.

पुढच्या रविवारी त्याने कीबोर्ड संगणकाला जोडला होता. वातावरण निवळावं म्हणून असेल, त्याने आम्हा दोघींना टेबलाशी बोलावलं आणि एक गंमत दाखवतो म्हणाला. वेगात लिहिणारा माणूस पहिलं बटण सुटायच्या आत दुसरं दाबतो, दुसरं सुटायच्या आत तिसरं. चांगल्या कीबोर्डाला सगळी समजतात, पण असल्या जुन्यांना दोनपर्यंत जमतं आणि तिसऱ्याला त्यांचा गोंधळ होतो. "सुल्मा, तू हे दाब. शेजारीणबाई, तुम्ही हे. सोडायचं नाही. मी हे." आमची तीन बोटं तीन बटणांवर. पडद्यावर आमची तीन अक्षरं उमटली, आणि त्यांच्यामागून चौथं. डब्ल्यू.

"हे कुणी दाबलं?" सुल्माने विचारलं.

"कुणीच नाही."

"डब्ल्यू म्हणजे वॉशिंग्टन असणार," मी म्हणाले. "नाहीतर विल्सन. आपल्याकडे या नावांचा घरटी एक असतोच." हेबर हसला. सुल्मा हसली नाही.

"आतल्या तारा आपल्या वस्तीतल्या रस्त्यांसारख्या आडव्याउभ्या आहेत," हेबरने समजावलं. "जिथे दोन तारा भेटतात तिथे एक अक्षर. एका चौकोनाचे तीन कोपरे एकदम दाबले की वीज वळसा घालून येते, आणि यंत्राला वाटतं चौथ्या कोपऱ्यावरही कुणीतरी आहे. आतून त्याला फरकच कळत नाही. खरोखर दाबलेलं आणि न दाबलेलं, त्याच्या लेखी सारखंच."

"दुरुस्त होतं का?"

"होतं. प्रत्येक अक्षराखाली एकेरी वाटेचा एक तुकडा जोडायचा, म्हणजे वीज उलटी फिरत नाही."

"मग जोड."

"मग तो तिचा राहणार नाही," हेबर म्हणाला, अगदी साधेपणाने, जसं कुणी म्हणावं की या भाजीत मीठ नको.

आम्ही शेगडीजवळ येऊन बसलो. त्याने भोपळा भरला, प्यायला. भरून सुल्माला दिला. भरून मला दिला. मी तो परत केल्यावर त्याने पुन्हा पाणी ओतलं, आणि पाळी त्याची स्वतःची असताना भोपळा माझ्या पलीकडे, खिडकीखालच्या रिकाम्या खुर्चीकडे धरला. मला वाटलं, म्हातारा विसरला. त्याचा हात तसाच राहिला. माणसाला प्यायला जेवढा वेळ लागतो तेवढाच, ना कमी ना जास्त. कुणी काही घेतलं नाही, हे मी शपथेवर सांगते, मी त्याच्याकडेच बघत होते. पण हात मागे आला तेव्हा भोपळ्यातला पाला कोरडा बसलेला होता, नळीने तळ ओढून घेतल्यावर बसतो तसा. हेबरने त्यात पाणी ओतलं आणि स्वतः प्यायला, आणि साखर महागल्याबद्दल काहीतरी बोलायला लागला.

मी सुल्माकडे बघितलं. ती खिडकीखालच्या खुर्चीकडे बघत होती, आणि तिची नजर भीतीची नव्हती. बाजारात कुणी आपल्या पुढे घुसलं की बाई जशी बघते, तशी होती.

त्यानंतर दर रविवारी तसंच झालं. सुल्मा टोमणे मारायची. "तुझ्या अंगठेवालीला बिस्किट देऊ का?" हेबर ऐकून घ्यायचा आणि चौथी पाळी चुकवायचा नाही. एकदा तिने मुद्दाम ती खुर्ची बोळात नेऊन ठेवली. त्याने भोपळा त्याच जागी, हवेत धरला, फक्त थोडा वर, कारण उभ्या माणसाला वर धरावा लागतो. सुल्मा गुपचूप खुर्ची परत घेऊन आली.

एके दिवशी चौकात चादरी पिळताना ती मला म्हणाली, "आम्ही दोघंच असतो ना, तेव्हा तो असं काही करत नाही. रोज संध्याकाळी बघते मी. दोघंच असलो की दोनच भरतो."

"मग बरंच आहे की."

"हो," ती म्हणाली आणि चादरीचं दुसरं टोक माझ्या हातातून जरा जोरातच ओढून घेतलं.

मला तेव्हा लक्षात यायला हवं होतं, पण माझं लक्ष दुसऱ्याच गोष्टीवर होतं. पाळी बदलली होती. आधी हेबर, सुल्मा, मी आणि मग ती रिकामी खुर्ची, असं होतं. आता हेबर, सुल्मा, ती आणि मग मी. कधी बदललं कळलं नाही. भोपळा माझ्या नाकासमोरून पलीकडे जायचा, तिथे थांबायचा, आणि मग माझ्याकडे यायचा, नळी कोमट आणि ओली. मी ती शालीने पुसून प्यायची. पण घरी आल्यावर भांडी घासताना मला सारखं वाटत राहायचं, की त्या घरात वीस वर्षं मी येते, एका हिवाळ्यात हेबरला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याला सूप मी भरवलं, आणि ही कालची आलेली माझ्या आधी पिते.

सुल्माने शेवटी टोपणं बदलली. हेबर दवाखान्यात रक्तदाब दाखवायला गेला होता तेव्हा तिने मला बोलावून घेतलं, दाराला कडी लावली, आणि त्याच्या खोक्यातला टोपणांचा एक कोरा संच टेबलावर ओतला. त्याची तारेची चिमटी घेऊन ती एकेक झिजलेलं टोपण उपटत गेली आणि मी नवं दाबून बसवत गेले. दांडी जुळत होती. कट कट करत अक्षरं बसत गेली आणि कीबोर्ड तरुण दिसायला लागला. सुल्माच्या गालांवर लाली आली होती, मीही हसत होते, शाळेतल्या पोरींसारखं आमचं चाललं होतं.

शेवटी खालची लांब पट्टी राहिली. नवी पट्टी बसेना. तिच्या खालचे खुंट वेगळ्या अंतरावर होते, नखभरच वेगळ्या. सुल्माने दाबून बघितलं, उलटी धरून बघितलं, तोंडातल्या तोंडात देवाची माफी मागून मुठीने ठोकूनही बघितलं. मग तिने जुनी पट्टी परत बसवली. ती मात्र एका बोटाने अलगद बसली. सगळ्या कोऱ्या टोपणांच्या खाली ती एकटीच, डावीकडे चमकणारी.

हेबर घरी आला तेव्हा मी अजून तिथेच होते. आता आरडाओरडा होणार म्हणून मी शाल गुंडाळून घेतली होती. त्याने टेबलाकडे बघितलं, वाकला, पट्टीवरून अंगठा फिरवला. उजवा.

"पट्टी ठेवलीस," तो बायकोला म्हणाला. "बरं केलंस. तिला वाटलं असतं आपल्याला घालवून दिलं."

सुल्माने चिमटी खोक्यात टाकली. मग माझ्याकडे वळली. मी तिसरी तिथे उभी होते, दार आणि शेगडी यांच्यामध्ये, आणि मला दिसलं की तिच्या मनात काहीतरी जुळलं. तिने खिडकीखालच्या खुर्चीकडे बघितलं आणि पुन्हा माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. आत ये म्हटलं तर आली नाही.

"रागावू नकोस, निबिया. काही रविवार तू येऊ नकोस."

"मी काय केलं गं?"

"काही नाही केलंस. पण तू आलीस की तिघं होतो. तिघं झालो की ती येते." ती चौकटीचा रंग नखाने खरवडत होती, डाव्या अंगठ्याच्या नखाने, आणि तो अंगठा चाळणीसारखा टोचलेला होता. "मला माझा नवरा परत हवाय. बाकी काही नाही."

मी बरं म्हणाले. पण दार लावल्यावर मी ओट्याशी उभी राहिले आणि मला असा राग आला की स्वच्छ भांडी मी पुन्हा घासायला काढली. ती अंगठेवाली गेली असती तर मला समजलं असतं. पण जाणार मी होते. माझी खुर्ची जाणार होती.

त्या रविवारी मी भिंतीला पाठ लावून बसले. पलीकडे किटली गुणगुणली. नळीचा आवाज, मग त्यानंतर नळीचा आवाज. दोन. सुल्माने काहीतरी विचारलं, हेबर बोलला नाही. मला वाईट वाटायला हवं होतं, पण थोडं बरं वाटलं, हे लपवून काय करू. पुढच्या रविवारीही तसंच. तिसऱ्या रविवारी पलीकडे शिवणयंत्र चालू होतं, भोपळ्याच्या वेळीही ते थांबलं नाही.

मग मधल्या वारी सुल्मा चौकात भेटली. तिने केस नीट विंचरले होते. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "तो बोलतच नव्हता गं. दोघं बसायचो आणि तो भिंतीकडे बघायचा. मीही म्हटलं, अजून किती दिवस भांडू त्या बाईशी? काल मी भोपळा हातात घेतला आणि एक पाळी तिची भरली. मी स्वतः भरली."

"आणि?"

"बोलला. खूप बोलला. माझा हात हातात घेतला, अंगठा बघितला." ती कपड्यांचे चिमटे एप्रनच्या खिशात टाकत होती आणि हसत होती, तोंड बाजूला करून. "ती वाईट नाहीये, निबिया. गप्प असते."

तिचं बरं झालं याचा मला आनंद झाला, आणि त्याच वेळी मी मनात माणसं मोजायला लागले. म्हणजे आता तिघं बसत होते. तिघांना चालतं, तर मीच का नको? तिला जर जागा मिळते, जिचं नावही कुणाला माहीत नाही, तर मला मिळायलाच हवी, हे मी स्वतःला आठवडाभर ऐकवत राहिले. रविवारी सकाळी मी घट्ट फळमुरंब्याची, वर पिठाच्या पट्ट्यांची जाळी घातलेली मोठी पेस्ट्री भाजली, जी हेबरला फार आवडते, ती फडक्यात गुंडाळली, कानात डूल घातले आणि भिंतीवरच्या टिचकीची वाट न बघता बोळात आले.

त्यांचं दार शेगडीच्या धुरासाठी थोडं उघडं होतं. आतून हसण्याचा आवाज आला. सुल्मा हसत होती, मोठ्याने, श्वास लागेपर्यंत, आणि मी थबकले, कारण वीस वर्षांत माझ्या कुठल्या बोलण्यावर ती अशी हसली नव्हती. दोन्ही हात गुंतलेले होते म्हणून मी कोपराने दार वाजवलं.

सुल्मा आली. दार तिने पुरतं उघडलं नाही, खांद्याएवढंच उघडलं. तिने आधी माझ्या हातातल्या फडक्याकडे बघितलं आणि मग माझ्या चेहऱ्याकडे, आणि तिच्या डोळ्यांत हसू अजून होतं, पण ते मागच्या खोलीतलं होतं, माझ्यासाठी नव्हतं.

"कोण पाहिजे आपल्याला?" तिने विचारलं. अगदी नम्रपणे.

मला वाटलं, थट्टा करतेय. तिच्या खांद्यावरून मला हेबरची पाठ दिसत होती. त्याने खिडकीखालच्या खुर्चीसमोरून भोपळा मागे घेतला, पुन्हा भरला आणि शेगडीकडे धरला, जिथे माझी बसक्या वेताची खुर्ची असते आणि जी मला दाराआडून दिसत नव्हती. या वेळी कुणीतरी तो त्याच्या हातातून घेतला. नळीचा आवाज आला, घोट गिळल्याचा आवाज आला, आणि मग एक आवाज, थोडा घोगरा, जो मला ओळखायला वेळ लागला, कारण आपला आवाज आपल्याला बाहेरून कधी ऐकू येत नाही.

"कोण आलंय गं दारात? कुणाकडची आहे? फडक्यात काय आहे तिच्या?"

"कुणी नाही, निबिया," सुल्मा मागे वळून म्हणाली आणि दार हळूच लोटून घेऊ लागली. "तू पी निवांत. तुझी पाळी आहे."